चिल्लर समजू नका!

80 रुपये! आज एवढ्यात काय येतं हो? पुण्यात कशीबशी एक मिसळ, तीही जादा पाव न मागता. मल्टिप्लेक्समध्ये तर पॉपकॉर्नचा नुसता वास.

पण 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी एवढ्याच पैशांत धंदा उघडला. 80 रुपये उसने, पापडाची चार पाकिटं तयार आणि गिऱ्हाईक म्हणून भुलेश्वरचा एक व्यापारी. नाव ओळखलंत ना? अर्थात लिज्जत!

पहिल्या वर्षाची विक्री किती झाली, माहीत आहे का? 6,196 रुपये. आणि आता? उलाढाल दीड हजार कोटींच्या पुढं, लाटणं हातात घेतलेल्या बायका 45 हजारांच्या आसपास. पापडासारखा फुगलेला आकडा म्हणतात तो हाच.

ट्विस्टही ऐका. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेचनात. ऊन नाही म्हणजे माल नाही. चार महिने दुकान बंद! पुढच्या वर्षी बायकांनी एक खाट आणली आणि एक स्टोव्ह. वर पापड, खाली स्टोव्ह, बाहेर धो धो पाऊस. झाला ड्रायर तयार, मेड इन गिरगाव!

आता तुम्ही म्हणाल, गिरगाव म्हणजे काय खेडं आहे का? नाही बुवा. (गिरगावकरांनी कृपया पत्रं पाठवू नयेत.) पण आजच्या खाद्ययात्रेची चव लागावी म्हणून पापड आधी वाढला. ताटातला मुख्य पदार्थ आहे छोटं कर्ज, गावाकडची बाई आणि तिचा धंदा. टाय लावलेली माणसं याला मायक्रोफायनान्स म्हणतात. गावात म्हणतात ‘गटाचं पैसं’. चला, सुटे काढा!

पन्नास पैशांचा स्टूल

सीन बदलतो. बांगलादेश, चितगाव विद्यापीठाशेजारचं जोब्रा नावाचं गाव, साल 1976. अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक अंगणात बसलेल्या बाईला विचारताहेत, हे बांबूचे स्टूल विणून तुम्हाला सुटतं किती?

उत्तर होतं 50 पैसे. दिवसाचे!

कारण काय, माहीत आहे का? बांबू घ्यायला लागत होते पाच टका. ते तिच्याकडं नव्हते. व्यापारी द्यायचा, पण अट एकच: तयार स्टूल मलाच विकायचा, मी म्हणेन त्या भावाला. पाच टक्यांपायी बाई आयुष्यभर अडकलेली. सावकारी ही अशी असते, दिसायला उपकार आणि गळ्याला दोर.

प्राध्यापकांनी विद्यार्थिनीला गावात यादी करायला पाठवलं. अशी अडकलेली माणसं निघाली 42. आणि या 42 जणांना सोडवायला लागणारी एकूण रक्कम? 856 टका. तेव्हाचे फक्त 27 डॉलर! प्राध्यापकांनी खिशात हात घातला आणि देऊन टाकले. त्यांचं नाव मोहम्मद युनूस.

पुढं ते बँकेत गेले. म्हणाले, या लोकांना कर्ज द्या. बँक म्हणाली, तारण काय? शेवटी युनूस स्वतः जामीन राहिले, तेव्हा कुठं पैसा हलला. या सगळ्यातून रीतसर ग्रामीण बँक उभी राहिली ती 1983 साली, आणि तारीख कुठली असावी? 2 ऑक्टोबर. गांधी जयंती! खेड्याकडं चला म्हणणाऱ्या म्हाताऱ्याचा वाढदिवस खेड्यात गेलेल्या बँकेला बरोब्बर मिळाला.

गंमत म्हणजे सुरुवातीला बायकाच पैसे नको म्हणायच्या. मला कशाला, नवऱ्याला द्या, मला पैशातलं काय कळतंय! आणि आज? या बँकेच्या कर्जदारांत जवळपास 97 टक्के बायका आहेत. कळतंय म्हणायचं की!

या बँकेत कर्जाची रांगही उलटी लागायची. पाच जणींचा गट. आधी दोघींना कर्ज. त्यांचे हप्ते नीट आले की पुढच्या दोघींना. आणि सगळ्यांत शेवटी कोणाला? गटाच्या प्रमुखीणबाईंना! आपल्याकडच्या पतसंस्थांच्या संचालक मंडळांनी हा परिच्छेद वगळून पुढं जावं.

शेळीवर बसून ओस्लोला

2006 चा नोबेल शांतता पुरस्कार युनूस यांना मिळाला हे क्विझवाल्या पोरांना पाठ असतं. पण अर्धाच मिळाला, हे माहीत आहे का? उरलेला अर्धा खुद्द ग्रामीण बँकेला होता. मग बँकेच्या वतीनं स्टेजवर गेलं कोण? सीईओ? अर्थमंत्री? छे! तस्लिमा बेगम नावाची गावातली कर्जदार बाई. साधी साडी, नॉर्वेच्या राजाराणीसमोर उभी. 1992 मध्ये तिनं पहिलं कर्ज काढलं होतं, जेमतेम 20 डॉलरचं. त्यातून घेतली होती एक शेळी.

शेळीला आपल्याकडं गरिबाची गाय म्हणतात. या शेळीनं तर विमानाचं तिकीटही काढून दिलं!

आणखी एक पुरस्कार सांगितला तर तुमचा विश्वास बसणार नाही. 1989 मध्ये याच बँकेच्या घरबांधणी योजनेला आगाखान पुरस्कार मिळाला. कशाचा? वास्तुकलेचा! बड्या बड्या आर्किटेक्टांचा जीव ज्यावर जडतो तो हा पुरस्कार. डिझाइन काय होतं? काँक्रीटचे चार खांब, वर पत्रा आणि एक संडासाची फरशी. भिंती तुमच्या ऐपतीप्रमाणं, बांबूच्या, तट्ट्याच्या. पूर आला तरी खांब उभे. पण खरी मेख पुढं आहे: ज्या जागेवर घर बांधायचं ती जागा बाईच्या नावावर हवी. नाही तर कर्ज नाही. म्हणजे भांडणात ‘चल नीघ माझ्या घरातून’ हा डायलॉग कोणी कोणाला मारायचा, ते एका फटक्यात बदललं.

फोन की गाय?

हा किस्सा माझा सगळ्यात लाडका आहे, त्यामुळं जरा सैल बसा.

अमेरिकेत नोकरी करणारा इक्बाल कादिर नावाचा बांगलादेशी तरुण युनूस यांच्याकडं एक कल्पना घेऊन गेला. बाई कर्ज काढून गाय घेते, दूध विकते, हप्ता भरते. बरोबर? मग गायीच्या जागी मोबाइल ठेवला तर? बाई कर्ज काढून फोन घेईल, मिनिटं विकेल, हप्ता भरेल. ना चारा, ना शेण!

26 मार्च 1997 रोजी, बांगलादेशच्या स्वातंत्र्यदिनी, ग्रामीणफोन सुरू झालं आणि गावागावांत अवतरल्या ‘फोनवाल्या बायका’. आपल्याकडं तेव्हा नाक्यावर पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ होते ना? तेच, फक्त चालतंबोलतं आणि पदराखाली. दुबईतल्या पोराचा फोन आला की ही बाई शेताच्या बांधावरून धावत जाऊन त्याच्या आईच्या हातात फोन द्यायची. बाजारात वांग्याला भाव काय, हे व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकण्याआधी फोनवर कळायला लागलं. ज्या गावात वीज नाही तिथं मोबाइल, आणि तो गावात एकटीकडंच! सरपंचसुद्धा तिच्या दारात नंबर लावून. बघता बघता अशा बायका दोन लाखांच्या पुढं गेल्या.

मग काय झालं? मग प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा मोबाइल आला आणि धंद्याची घंटी वाजायची थांबली. गाय आटते तसा फोनही आटला. छोट्या धंद्याच्या गोष्टीत हा भाग कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगितला.

गलिव्हरचा हप्ता

छोट्या कर्जाची आयडिया युनूस यांचीच, असं वाटतंय? मग 300 वर्षं मागं चला. डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचे डीन होते जोनाथन स्विफ्ट. हो हो, ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ लिहिणारे तेच! त्यांनी स्वतःच्या पदरचे 500 पौंड बाजूला काढले आणि गरीब कारागिरांना थोडे थोडे, बिनव्याजी द्यायला सुरुवात केली. तारण? काही नाही. शेजाऱ्यांनी हमी घ्यायची. माणूस प्रामाणिक असेल तर शेजाऱ्यांना माहीत असणारच, हा हिशोब. (आमच्या सोसायटीत मात्र हा हिशोब चालेल असं वाटत नाही.)

लिलिपुटचा जनक आणि लिलिपुट साइजची कर्जं! 1840 च्या दशकात आयर्लंडमध्ये अशा सुमारे 300 कर्जसंस्था होत्या आणि देशातल्या साधारण पाचातल्या एका घरानं त्यांच्याकडून कर्ज घेतलेलं होतं.

आणि कर्ज राहू द्या, भिशी तर जगभर आहे. इंडोनेशियात ‘अरिसान’, केनियात ‘चामा’, इथिओपियात ‘इक्कुब’, घानात ‘सुसू’, पाकिस्तानात ‘कमिटी’. नाव वेगळं, चिठ्ठी तीच, आणि पहिली चिठ्ठी आपलीच निघावी म्हणून देवाला घातलेलं साकडंही तेच.

तीन कुलपं, तीन बायका

नायजर. आफ्रिकेतला वाळवंटी देश. 1991 मध्ये तिथं ‘केअर’ या संस्थेनं बायकांचे बचतीचे गट सुरू केले. बँक शेकडो मैल लांब. मग पैसे ठेवायचे कुठं?

पत्र्याच्या पेटीत. आणि पेटीला कुलपं किती? तीन! तीन किल्ल्या तीन बायकांकडं, पेटी चौथीच्या घरी. चारही जणी एकत्र आल्याशिवाय पेटी उघडत नाही. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात म्हणून आपण किती भाव खातो!

लिहितावाचता येत नाही, मग पासबुक कसं? अशा गटांच्या पासबुकात आकड्यांऐवजी शिक्के. बचतीचा एक वाटा भरला की एक शिक्का. मोजता आलं की झालं. आणि वर्षाअखेर पेटी रिकामी करून ज्याचं त्याला वाटप. त्या दिवशी गावात काय धमाल असेल!

पाटी हातात, फोटो काढा

निरक्षर गिऱ्हाईक हे कोडं आपल्याकडंही सुटलं होतं, तेही नायजरच्या 17 वर्षं आधी. 1974, अहमदाबाद. भाजीवाल्या, हातगाडीवाल्या, डोक्यावर ओझी वाहणाऱ्या 4,000 बायकांनी प्रत्येकी 10 रुपये काढले. गणित करा: 40,000 रुपये. एवढ्या भांडवलावर बँक काढली, नाव सेवा बँक. पुढाकार इला भट्ट यांचा.

नोंदणीच्या वेळी अडचण आली. ज्यांना सहीच करता येत नाही त्या बँक कशी चालवणार? मग संस्थापक बायका रात्रभर जागल्या, सही गिरवत बसल्या आणि सकाळी जाऊन कागदावर सह्या ठोकल्या. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणाऱ्यांनो, तुमची परंपरा थोर आहे!

आणि खातेदाराची ओळख कशी पटवायची? फोटो काढायचा. फोटोत बाईच्या हातात पाटी, पाटीवर खाते क्रमांक. आपण असा फोटो फक्त पोलीस ठाण्याच्या सिनेमातल्या सीनमध्ये पाहिलेला असतो. इथं तो प्रतिष्ठेचा!

आता आपल्या म्हसवडला

सातारा जिल्हा, माण तालुका. पाऊस इथं पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच जातो. कपाळावर दुष्काळ लिहिलेल्या या म्हसवडमध्ये 1990 च्या दशकात लोहारकाम करणारी एक बाई चेतना गाला सिन्हा यांच्याकडं आली. फुटपाथवर राहणारी. पावसाळ्यात डोक्यावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा म्हणून रोज थोडे पैसे साठवायचे होते. पण कुठलीच बँक खातं उघडून देईना, रक्कम फारच छोटी पडते म्हणून. कर्ज मागायला आलेली नव्हती हो ती, पैसे ठेवायला आलेली होती!

मग बायकांनी ठरवलं, आपणच बँक काढू. रिझर्व्ह बँकेकडं अर्ज गेला. उत्तर आलं: नामंजूर. कारण? प्रवर्तक बायकांना लिहितावाचता येत नाही.

पुढं काय झालं, माहीत आहे का? बायका रात्री शिकायला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा मुंबई गाठली आणि साहेबांना थेट आव्हान दिलं. वाचता येत नसेल, पण मोजता येतं. तुम्ही कुठलीही रक्कम सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो. तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा. बघू कोण आधी सांगतं!

1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेचं लायसन हातात होतं.

याच बँकेत बायकांना कार्ड आणि पिन द्यायचा विचार झाला तेव्हा बायकाच नको म्हणाल्या. नंबर कोणीही बघतो, कोणीही चोरतो. अंगठा कसा चोरणार? आणि बँक अंगठ्याच्या ठशावर आली. ज्या अंगठ्यावरून ‘अंगठाबहाद्दर’ म्हणून हिणवलं जातं, तोच पासवर्ड! आज तुम्हीआम्ही फोन उघडतो कसा, बघा जरा.

बिझनेस स्कूल म्हटलं की डोळ्यांसमोर अहमदाबाद नाही तर हार्वर्ड येतं. माणदेशीचं बिझनेस स्कूल चाकांवर येतं, बसमधून, थेट गावाच्या वेशीवर. चेतनाताई स्वतः 2018 मध्ये दावोसला जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्ष होत्या. म्हसवड ते दावोस, एसटी बदलून!

झटपट, हातासरशी

बचत गटात जास्तीत जास्त 20 बायकाच का? कुणा गुरुजींनी आकडा काढलाय का? नाही. जुन्या कंपनी कायद्यात 20 पेक्षा जास्त माणसं नफ्यासाठी एकत्र आली की नोंदणी सक्तीची होती. कटकट नको म्हणून विसावर थांबले, आणि गावोगावच्या बायकांच्या अंगवळणी तो आकडा पडला.

1992 मध्ये नाबार्डनं गट आणि बँक जोडण्याचा प्रयोग केला तो अवघ्या 500 गटांपुरता. आता बँकांशी जोडलेले गट 1 कोटी 40 लाखांच्या वर आहेत. बँकवाल्यांना यातलं सर्वात काय आवडतं? थकबाकी! म्हणजे तिचं नसणं. ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटांची थकीत कर्जं दोन टक्क्यांच्या आसपास असल्याचं सरकारी आकडे सांगतात. मोठ्या उद्योगपतींची नावं इथं घेणार नाही, तुम्हाला सुचलीच असतील.

महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं माविम, 24 फेब्रुवारी 1975 ला जन्माला आलं. ते साल आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. आता त्याच्या जोडीला ‘उमेद’ आहे, म्हणजे त्याच जीवनोन्नती अभियानाचं महाराष्ट्रातलं रूप. ‘उमेद’च्या शब्दकोशात सख्याच सख्या: बँक सखी, पशुसखी, कृषीसखी.

केरळच्या कुटुंबश्रीच्या बायकांनी 2020 मध्ये गावोगावी हॉटेलं थाटली आणि जेवण दिलं 20 रुपयांत. बिहारच्या जीविका दीदी सरकारी इस्पितळांची कँटीनं चालवतात. नाव ‘दीदी की रसोई’. इस्पितळाचं जेवण आणि चव हे दोन शब्द एका वाक्यात आणल्याबद्दल त्यांना वेगळं बक्षीस हवं.

ग्रामीण बँकेनं भिकाऱ्यांनाही कर्ज दिलंय. बिनव्याजी! अट काय, भीक बंद करा? मुळीच नाही. भीक मागायला जाताच आहात, तर झोळीत बिस्किटं, खेळणी, बांगड्या ठेवा आणि दारात पर्याय द्या: दान देता की माल घेता?

ग्रामीण बँकेचाच फॉर्म्युला 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये पोचला. वॉल स्ट्रीट मेट्रोनं अर्ध्या-पाऊण तासावर, आणि इथं पाच जणींचा गट हप्त्याची वही उघडून बसलेला. त्या वर्षी कोणाची कर्जं बुडाली, हे जगाला ठाऊक आहे!

तमिळनाडूच्या चिन्नापिल्लैंना 2001 मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी स्त्रीशक्ती पुरस्कार देत होते. शेतमजूर बाई, मदुराईकडच्या ‘कळंजियम’ बचत गटांची पुढारी. बाई नमस्काराला वाकणार, तोच वाजपेयी तिच्या पायांशी वाकले! सगळा हॉल अवाक. आणि तिला मिळालेला पुरस्कार कोणाच्या नावाचा होता, माहीत आहे का? माता जिजाबाईंच्या.

आता जरा आवाज खाली

सगळंच झकास असतं तर हा लेख जाहिरात झाला असता.

2010, आंध्र प्रदेश. ऑगस्टमध्ये एका बड्या मायक्रोफायनान्स कंपनीचा शेअर बाजारात वाजतगाजत आला. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला. मधल्या काळात गावागावांत एकाच बाईच्या दारात तीन-तीन, चार-चार कंपन्यांचे वसुलीवाले उभे. एकीचा हप्ता भरायला दुसरीकडून उचल, दुसरीचा भरायला तिसरीकडून. हप्ता चुकला की वसुलीवाला गटातल्या बाकीच्यांना तिच्या दारात बसवायचा. आत्महत्यांच्या बातम्या आल्या. ज्या शेजारणीच्या हमीवर सगळा डोलारा उभा होता, तिलाच वसुलीला लावलं. माझ्या मते या धंद्यातली ही सर्वात वाईट युक्ती.

मग रिझर्व्ह बँकेची मालेगाम समिती आली, पाठोपाठ नियम आले. 2022 च्या नियमानुसार वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं बिनतारणी कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स, आणि त्या घराच्या सगळ्या हप्त्यांची बेरीज महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नये. हा नियम एखाद्या गटात मोठ्यानं वाचून दाखवा, उपयोगी पडेल.

आणि छोट्या कर्जानं गरिबी खरंच पळते का? हे तपासणाऱ्यांत एक नाव आहे अभिजित बॅनर्जी, 2019 चे अर्थशास्त्राचे नोबेल विजेते. पूर्ण नाव अभिजित विनायक बॅनर्जी. बंगाली नावात विनायक? अहो, आई निर्मला पूर्वाश्रमीच्या पाटणकर, जन्म मुंबईचा! तर बॅनर्जी आणि मंडळींनी हैदराबादेतल्या 104 वस्त्या घेतल्या, त्यातल्या 52 मध्ये कर्ज देणारी शाखा आधी उघडली आणि मग फरक मोजला. चमत्कार सापडला नाही. आधीच धंदा असलेल्यांनी तो वाढवला, घरात टिकाऊ वस्तू आल्या, पण गरिबी काही छूमंतर झाली नाही. एक बारीकशी मजा मात्र सापडली: कर्ज आलं त्या वस्त्यांत पान, तंबाखू आणि बाहेरचा चहा यांवरचा खर्च घटला. हप्त्याचं टेन्शन व्यसनमुक्ती केंद्राला भारी पडलं म्हणायचं!

जमिनीवरून हवेत

गाय झाली, शेळी झाली, फोन झाला. पुढचं काय? ड्रोन! ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत 15,000 बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचं ठरलंय. किमतीच्या 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाख, सरकार देणार, उरलेल्याला कर्ज. पूर्वी बाई कर्ज काढून मिरची कांडपाचं मशीन घ्यायची. आता तिच्या नावावर उडतं वाहन!

पण मिरची कांडपाला नावं ठेवू नका. त्याच मशीननं माझी फजिती केली आहे.

गेल्या उन्हाळ्यात सांगोल्याकडं मावशीच्या गावी होते. मंगळवारची दुपार, मारुतीच्या देवळाचा पार, गटाची मीटिंग. मला फक्त बघायचं होतं. 13 जणी गोलात, मधे पत्र्याची पेटी, वही उघडलेली, पोरं अंगाखांद्यावर. कुणाच्या तरी पिशवीतून शेवयांचा वास. एकेक जण पुढं येते, 200 रुपये ठेवते, सचिवताई नाव पुकारतात, पुढची. विषय निघाला एकीच्या कांडप मशीनचा. तिनं गटातून 18 हजार उचललेले, शेकडा दीडनं, सात महिन्यांपूर्वी. मुद्दल सगळी एकदम फेडायचीय, व्याज किती?

सवयीनं मी मोबाइल काढला. कॅल्क्युलेटर शोधला. 18 हजार टाकले, गुणिले...

“अठराशे नव्वद,” चार जणी एकदम.

यांतली सर्वात म्हातारी तर पोराचं नाक पुसत होती. मी पुन्हा मोजलं. 1,890 च! मान वर केली, तर मावशी माझ्याकडं बघून अशी हसतेय, जणू गणितात नापास झालेली भाची पाहुण्यांसमोर उघडी पडली.

आणि नेमका तेव्हाच माझा फोन वाजला.

सगळ्या गप्प. अध्यक्षकाकूंनी देवळाच्या भिंतीकडं बोट दाखवलं. खडूनं नियम लिहिलेले: उशिरा आल्यास दंड, गैरहजर राहिल्यास दंड, मीटिंगमध्ये फोन वाजल्यास 10 रुपये.

“अहो काकू, मी गटात नाही, मी पाहुणी...”

“फोन तर गटात वाजला न्हवं?”

मुकाट्यानं 500 ची नोट पुढं केली. सचिवताईंनी ती दोन बोटांत धरून उजेडात बघितली, पेटीत डोकावल्या आणि नोट परत माझ्या हातात ठेवली.

“चिल्लर द्या, ताई.”

मावशीनं कनवटीचं दहाचं नाणं काढून पेटीत टाकलं. वहीत नोंद झाली, मी वाकून वाचली: पाहुणी, फोन, दंड 10. आणि शेजारी कंसात मावशीचं नाव, ‘उसने’.

तिच्यात-माझ्यात शेकडा किती ठरलेत, ते मावशीनं अजून सांगितलेलं नाही.